चार जिलब्यांचं अंतर

शालनबाई शेडगे बावीस मार्चला दुपारी सव्वातीनच्या एसटीने माळसोंडला परत आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून हुंगला. मांडणीवर अगदी मागे त्यांना वर्तमानपत्रात बांधलेला पुडा सापडला. दोऱ्याची गाठ हलवायाची होती, सुटलेली नव्हती. त्यांनी पुडा कानाशी धरून हलवला. आत चार जिलब्या खडखडल्या. पुडा होता तिथे ठेवला आणि चहाचं आधण टाकलं.

आता हे सगळं आपण विसरून जाऊ. असं काही घडलेलं नाही. बावीस मार्च अजून यायचाय, शालनबाई धरणापलीकडे भावाच्या घरी आहेत, आणि संपतराव गच्चीवर पाटावर बसून तिसरी जिलबी खात आहेत. दोन हजार एकेचाळीस साल, डिसेंबर महिना, दुपारचे साडेचार.

धरण कासारखिंडीचं. अलीकडच्या काठावर माळसोंड, समोरच्या काठावर धावडशेत, मधे एकोणीसशे मीटर पाणी. हा आकडा अंदाजाचा नाही. संपतराव भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं मोजणीदार होते आणि त्यांनी तो स्वतः काढला होता. रस्त्याने जायचं तर धरणाला वळसा घालून चौतीस किलोमीटर पडत.

पाणी नव्हतं तेव्हा तिथे शेतं होती. धरणाआधीच्या मोजणीत, त्या शेतांपैकी एकात, संपतरावांनी आपली बायको पहिल्यांदा पाहिली ती उलटी. खात्याच्या जुन्या थिओडोलाइटमधून, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीतून, सगळं उलटंच दिसायचं. आभाळ खाली, नांगरट वर. काठी धरणारा माणूस तापाने पडला होता, म्हणून शेतमालकाने आपल्या मुलीच्या हातात ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी देऊन तिला बांधावर उभं केलं होतं. तर ती मुलगी वर जमिनीला पाय लावून, डोकं खाली सोडून, अत्यंत शांतपणे लटकत होती. संपतरावांनी हाताने खूण केली, थोडी डावीकडे. ती डावीकडे सरकली. त्यांनी दोन्ही हात वर नेऊन खाली आणले, म्हणजे बरोबर, तिथंच रोव. तिने रोवली. संध्याकाळी दोन्ही हात डोक्यावर फुली करून हलवले, म्हणजे काम बंद. तिनेही लांबून तशीच फुली केली आणि घरी गेली.

"मुलगी खुणेला पक्की आहे," संपतरावांनी आईला सांगितलं. लग्न झालं. पुढे शेत, बांध आणि काठीचं ते भोक पाण्याखाली गेलं.

वय झाल्यावर दोघांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मोतीबिंदू वयाने येतो आणि साखरेने लवकर येतो. आपल्या डोळ्यातलं भिंग म्हणजे एक स्वच्छ मणी. त्याला रक्तवाहिनी नाही. डोळ्यात पुढच्या बाजूला जे पाणी असतं तेच त्याला पोसतं, आणि त्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या मागोमाग चालते. रक्तात साखर वाढली की ती मण्यात शिरते. तिथे तिची दुसऱ्याच प्रकारची साखर बनते आणि या नव्या साखरेला बाहेरची वाट सापडत नाही. मग ती लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते आणि वर पाणी मागते. मणी फुगतो, धुरकटतो. वयाला ज्या कामाला वीस वर्षं लागतात, ते साखर दहा वर्षांत उरकते.

चार-पाच वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोक्यात आलं, की ही साखर डोळ्यात नुसती बसून असते, तिला कामाला का लावू नये? त्यातून 'स्वयंज्योत' नावाची कृत्रिम लेन्स निघाली. तिच्या कडेला एक पातळ लेप असतो, तो डोळ्यातल्या पाण्यातली साखर जाळून चिमूटभर वीज करतो आणि त्या विजेवर लेन्स आपला बाक बदलते. बॅटरी नको, चष्मा नको. तिला दोन थर असतात. पहिला साध्या साखरेवर चालतो आणि ताट, जिना, माणसांची तोंडं दाखवतो. दुसरा थर, ज्या म्हाताऱ्यांचा डोळ्याचा पडदा झिजलाय त्यांच्यासाठी, जादा वीज मिळाली तरच जागा होतो आणि डोळ्यात एक छोटी दुर्बीण उभी राहते.

जादा वीज म्हणजे जादा साखर. पण मधुमेह असलेल्याला गोड खाऊ नका म्हटलं की तो खात नाही, असं बनवणाऱ्यांनी धरलं होतं. असली चूक, ज्यांना पंगतीत कधी कोणी हात धरून जिलबी वाढलेली नाही, अशी माणसंच करू शकतात.

माळसोंडच्या शिबिरात एक्केचाळीस जणांना ही लेन्स बसली. दुसरा थर गणपतीत जागा झाला. मोदकांच्या जेवणानंतर देवळाच्या कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसं एकाएकी गप्प झाली. पाणी जवळ आलं होतं. पलीकडच्या काठावरच्या बगळ्याने एक पाय बदलला, तो सगळ्यांना दिसला. धावडशेतच्या एसटीची पाटी कोणीतरी मोठ्याने वाचली. एका आजींनी श्रीखंडाची वाटी संपवून वर पाहिलं आणि दिवसाढवळ्या शुक्राची कोर दाखवली. त्या तेव्हापासून खाली बघायला फारशा राजी नव्हत्या.

सोपान हलवायाने आठवड्याभरात दुकानाची पाटी बदलली. कंदी पेढा: वर्तमानपत्र. बालुशाही: देवळाचा कळस. तीन जिलब्या: धावडशेत. श्रीखंड: विचारून घ्यावे.

शालनबाईंनाही लेन्स बसली होती, पण मोदक त्यांनी अर्धाच खाल्ला होता. त्यांची साखर काठावर होती आणि त्यांना काठावरच राहायचं होतं. संपतरावांची साखर काठ सोडून बारा वर्षं झाली होती.

"तीनशे ऐंशी," ऑक्टोबरात रिपोर्ट हातात धरून त्या म्हणाल्या. "अहो, ही साखर आहे का पुण्याचं तिकीट?"

"पण मला धरणापलीकडचा बैल दिसतोय, शालन. शिंगाला हिंगूळ लावलाय, तोही दिसतोय."

"बैल बघायला पाय घालवणार तुम्ही. माझ्या आईचा गेला. मी पट्ट्या बदलल्यात. आता दुसऱ्यांदा नाही." त्यांनी पिशवी भरली. "तीन महिन्यांची सरासरी सातच्या आत आणा. मग बोलवा."

"आणि तोवर?"

"तोवर तोंड दाखवायचं नाही."

ही तीन महिन्यांची सरासरी फार अवघड बाई आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी तीनेक महिने जगतात आणि जगताना वाटेत जेवढी साखर भेटेल तेवढी अंगाला चिकटवून घेतात. आदल्या दिवशी उपास करून त्यांना फसवता येत नाही; त्यांना सगळं आठवत असतं. संपतरावांची सरासरी होती साडेदहा.

ते एकदा चौतीस किलोमीटर जाऊन आले. मेहुण्याने ओसरीवर बिनसाखरेचा चहा दिला, आतून बांगड्या वाजल्या, बाहेर कोणी आलं नाही. परत आल्यावर ते गच्चीवर बसले आणि विचार करू लागले. तोंड दाखवायचं नाही असं ठरलं होतं. बघण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.

दुर्बीण का नाही, असं कोणी विचारेल. ती आणली होती. पण स्वयंज्योतीला दुसरी काच समोर आलेली खपत नाही. ती गोंधळून सारखी बाक बदलते आणि सगळा डोंगर ताकासारखा घुसळतो. फोनने मोठं करूनही पाहिलं. हल्लीच्या फोनला जे नीट दिसत नाही ते तो स्वतःच्या मनाने भरतो. धावडशेतच्या गच्चीवर त्याने एक हसरी बाई भरून दिली. संपतरावांनी ती दोन मिनिटं पाहिली आणि फोन पालथा घातला. शालन त्यांच्यावर चिडलेली होती. ती अशी हसलीच नसती.

राहिली जिलबी.

"आज कुठवर, काका?" सोपान विचारायचा.

"धावडशेत."

"मग चार न्या. तीनमध्ये नुसती गच्ची येती. काकू चौथीत येत्यात."

आणि खरंच तसं व्हायचं. खाल्ल्यावर अर्ध्या तासाने पाण्यावरची धूसर पट्टी हळूच बाजूला व्हायची. आधी डोंगराला कडा यायची, मग घरांना दारं, दारांना तोरणं. शेवटी एक गच्ची, गच्चीवर वाळवण, आणि वाळवणातून चालत येणारी शालन, इतकी जवळ की तिच्या चपलेचा अंगठा तुटलाय हे कळावं. पाण्याचा आवाज नाही, तिचा आवाज नाही. ती मिरच्या उलटायची. संपतराव श्वास धरून बसायचे, कारण श्वास सोडला तर मिरच्या उडतील असं वाटायचं.

डॉक्टर मुलाणी मॅडम दर महिन्याला शिबिरातल्या लोकांचे डोळे तपासायला येत. वयाने लहान, पण बोलायला तिखट.

"काका, उजव्या डोळ्याला काही काळं दिसतं?"

"कावळा दिसतो. आठवडाभर गच्चीच्या कोपऱ्यावर बसतोय. हाकलला की सरकतो, पण जात नाही."

"तो गच्चीवर नाही, तुमच्या डोळ्यात आहे. मागे पडद्याजवळ रक्ताचा थेंब सांडलाय." त्यांनी दिवा बंद केला. "समोरची काच तुम्ही रोज साखरेने लख्ख करताय, आणि त्याच साखरेनं मागची भिंत ढासळतेय. समजतंय का?"

"ही लेन्स काढून साधी बसवली तर?"

"बसवू की. पण भिंत पडल्यावर खिडकी कुठली का असेना. असंच खात राहिलात तर पावसाळ्यापर्यंत धावडशेत नाही आणि ताटातली आमटीही नाही."

"आणि सोडलं तर?"

"तर आमटी राहील, जिना राहील, माणसं राहतील. धावडशेत जाईल."

"विचार करून सांगतो," संपतराव म्हणाले, आणि येताना चार जिलब्या घेऊन आले.

वीस डिसेंबरची गोष्ट. तीन जिलब्या पोटात गेल्या होत्या, गच्ची स्पष्ट झाली होती. शालन कठड्याशी बसली होती. तिच्या मांडीवर ताटली होती आणि ती सरळ इकडे बघत होती. धरणाकडे बघतेय, असं संपतरावांनी धरलं. चौथी जिलबी उचलून त्यांनी तोंडात घातली.

पलीकडे शालनने हात वर केला आणि चार बोटं दाखवली.

संपतराव चावायचे थांबले. एकोणीसशे मीटरवरून माणूस ठिपक्याएवढाही नीट दिसत नाही. जिलब्या मोजणं तर लांबच. त्यांनी डोळे चोळले, कावळा बाजूला झाला, आणि तिच्या ताटलीत काय आहे ते त्यांना दिसलं. गुळाचे खडे होते. मोठे, काळपट, सुपारीएवढे. एक अर्धा खाल्लेला.

ती नवरा गोड खातो म्हणून घर सोडून गेली होती, आणि तो गोड खातो का ते बघण्यासाठी रोज गूळ खात होती.

त्यांना हसू यायला हवं होतं. यायला लागलंही होतं, पण वाटेत कुठेतरी अडलं. आईचा पाय, त्या पट्ट्या, काठावरची साखर. हिने काठ केव्हाच सोडला असणार. इतकं लांब बघायचं म्हणजे अडीचशेच्या वर जायला हवं, हे आता माळसोंडात शेंबडं पोरही सांगेल. ते ज्या आकड्यावर बसून तिला बघत होते, त्याच आकड्यावर बसून ती त्यांना बघत होती.

संपतराव उठून उभे राहिले. तोंडातली जिलबी त्यांनी हातावर काढली, तिला दिसेल अशी धरली आणि कठड्यावरून खाली टाकली. मग दोन्ही हात वर नेऊन डोक्यावर फुली केली आणि ती हलवली.

काम बंद.

पलीकडे वाळवणावरून एक चिमणी उडाली, तिची सावलीसुद्धा दिसली. मग शालन उठली, ताटली उलटी केली, गूळ खाली पडला. तिने फुली केली. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी केली होती तशीच, फक्त या वेळी डोकं वर होतं.

रात्री मेहुण्याचा फोन आला. "दाजी, ताई म्हणती, मोजणीदार माणूस आहे, काठी खोटी धरणार नाही. रोज पाच वाजता, खाल्लं नसंल तर गच्चीवर पांढरी चादर लावायची. तीपण लावंल. चादर साध्या डोळ्यानं दिसती म्हणं, ठिपक्यासारखी."

"आणि खाल्लं असेल तर?"

फोनवर मागे काहीतरी कुजबुज झाली.

"लावायची नाही. पण ताई म्हणती, तुम्ही न खाता लावणारच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी तारीख लिहून दिली. सरासरीची तपासणी, एकवीस मार्च.

पुढे जे झालं ते फार हळू झालं. साखर उतरू लागली आणि धावडशेत मागे मागे जाऊ लागलं, घाटावरून होडी सुटावी तसं. चपलेचा अंगठा पहिल्या दोन दिवसांतच गेला. मग तिच्या कपाळावरचं कुंकू गेलं. मग कपाळ. नाताळच्या सुमाराला हात आणि पदर यांतला फरक मिटला. एक संध्याकाळ अशी होती, की गच्चीवर एक हिरवा रंग चालत होता आणि तो शालन आहे हे फक्त चालण्यावरून कळत होतं. संपतराव तो रंग मिटेपर्यंत बसले. नंतर गच्ची गेली, घरं गेली. जानेवारीत पाण्यावरून सकाळी धुकं उठायचं आणि दुपारी विरायचं, पण विरल्यावरही फारसं काही उघडं पडत नव्हतं. डोंगर होता. डोंगराच्या पायथ्याशी बोटाने पुसल्यासारखा एक डाग होता. आणि पाच वाजता त्या डागात एक पांढरा ठिपका उगवायचा.

कावळाही झिजत चालला होता. आधी त्याची चोच गेली. महिन्याभरात त्याची माशी झाली.

सोपानची दुकानातली पाटी तशीच होती. "काका, पेढा तरी? निदान वर्तमानपत्र?"

"वर्तमानपत्रात काय असतं," संपतराव म्हणायचे.

नऊ फेब्रुवारीला पाच वाजता ठिपका आला नाही.

सव्वापाच झाले. साडेपाच. संपतरावांची चादर वाऱ्यावर फडफडत होती, समोर नुसता डाग होता. मेहुण्याचा फोन लागत नव्हता. धावडशेतला फोन मंगळवारी लागला तर लागला. ती पडली असेल. तिने गूळ खाल्ला असेल आणि खोटी चादर लावायची नाही म्हणून लावली नसेल. तिची साखर गेली असेल कुठच्या कुठे.

ते खाली उतरले, सोपानकडे गेले. "चार," ते म्हणाले. सोपानने काही न विचारता वर्तमानपत्रात बांधून दिल्या.

गच्चीवर परत येऊन पुडा मांडीवर घेतला. हिशेब सोपा होता. चार जिलब्या, अर्धा तास, आणि काय झालंय ते कळेल. अंधार पडायच्या आत होईल. सरासरीच्या पेशींना आठवण राहील, पण एकाच दिवसाची. एका दिवसाने काय होतंय? त्यांनी दोऱ्याची गाठ चाचपली.

समोर त्यांची स्वतःची चादर लागलेली होती.

खाल्लं तर ती काढावी लागणार होती. काढली तर, आणि पलीकडे ती बघत असली तर, तिला काय दिसणार? ठिपका गेलेला. मग ती काय करील? ती गुळाचा डबा काढील. संपतरावांनी हे सगळं एका सरळ रेषेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, जसं ते छत्तीस वर्षं पाहत आले होते. आणि चादर न काढता खाणं हा विषय त्यांच्या मनात आला नाही. आला असता तर ते मोजणीदार नसते.

पुडा मांडीवर ठेवून ते बसून राहिले. पाणी तांबूस झालं, मग राखाडी. दिवा लागायच्या अगदी आधी, डाग अंधारात मिसळता मिसळता, त्यात एक पांढरा ठिपका उगवला.

का उशीर झाला, हे त्यांना कळलं नाही. चादर धुतली असेल, वाळली नसेल. त्यांनी पुडा खाली नेला, मांडणीवर अगदी मागे सरकवला आणि कागद पेन घेऊन बसले. मोजणीदाराला झोप आली नाही की तो अर्ज लिहितो.

प्रति,
मा. अधीक्षक, भूमी अभिलेख

विषय: मौजे धावडशेत तात्पुरते अलीकडे सरकवून मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार, सेवानिवृत्त मोजणीदार, सेवा छत्तीस वर्षे, सविनय कळवितो की, आमच्या कचेरीच्या रिवाजाप्रमाणे मोजणीत दर हजार मीटरला एक मीटर इतकी चूक माफ असे. मी माझ्या सेवाकाळात अंदाजे अकराशे किलोमीटर हद्द मोजली. माफ असलेली चूक मी एकदाही केली नाही. तशी संधी अनेकांनी देऊ केली होती. सबब अकराशे मीटर चूक माझ्या नावे न वापरता शिल्लक आहे.

सदर शिल्लक चूक एकत्र करून मौजे धावडशेत, निदान त्यातील उत्तरेकडील एक गच्ची, तेवढ्या अंतराने मौजे माळसोंडकडे घ्यावी. उरलेले आठशे मीटर मी साध्या डोळ्यांनी पार पाडीन. बगळे, डोंगर व शेजारची घरे आहेत तिथेच राहिली तरी हरकत नाही.

गाव कायमचे नको. एकवीस मार्चपर्यंत पुरे. त्यानंतर ते होते तिथे नेऊन ठेवण्यास अर्जदाराची कोणतीही हरकत राहणार नाही, कारण त्यानंतर तिकडे बघण्यासारखे काही असणार नाही.

सोबत नकाशा जोडला आहे. बांध पाण्याखाली आहे, पण खूण पक्की आहे.

तरी मेहेरबान होऊन लवकरात लवकर, शक्यतो उद्या पाचच्या आत, कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.